पिशवी काढण्याचे तीन मार्ग

गर्भपिशवी पोटावरून काढायची, खालून की दुर्बिणीतून, याचा निर्णय बाईची तब्येत पाहून होतो असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा तो सर्जनचा हात कशावर बसलाय यावरही ठरतो. आणि ही गोष्ट आजची नाही.

तिन्हींत जुना मार्ग खालचा, योनिमार्गाचा. १८१३ साली जर्मनीत ग्योटिंगनच्या कोनराड लांगेनबेकने भूल नसतानाच्या काळात एका बाईची पिशवी खालून काढली. मदतनीस संधिवाताने इतका जखडलेला की ऐन वेळी त्याला खुर्चीतून उठता येईना. रक्त थांबवायला लांगेनबेकने दोऱ्याचं एक टोक दातात धरून गाठ मारली म्हणतात. बाई वाचली, पण काढलेली पिशवी हरवली आणि सहकाऱ्यांनी त्याला खोटं ठरवलं. तब्बल २६ वर्षांनी ती वारली, शवविच्छेदन झालं, तेव्हा कुठे त्याच्यावर विश्वास बसला.

पोटावरच्या ऑपरेशनची सुरुवात वाईट झाली. १८४३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्लेचा रुग्ण दगावला. १८५३ मध्ये अमेरिकेत वॉल्टर बर्नहॅमने अंडाशयाची गाठ समजून पोट उघडलं. बाईला उलटी झाली, तिच्या जोराने फायब्रॉइडसकट (पिशवीतल्या साध्या गाठीसकट) पिशवीच बाहेर आली, ती परत आत जाईना. मग काढावीच लागली, आणि बाई जगली. पुढे भूल आणि जंतुनाशकं रुळली, १९२९ मध्ये बाल्टिमोरच्या रिचर्डसनने पिशवी तिच्या मुखासकट (गर्भाशयमुखासकट) काढण्याची पद्धत नीट मांडली, आणि विसाव्या शतकात पोटावरचा मार्गच मुख्य झाला. सगळं डोळ्यांसमोर दिसतं, शिकवायलाही सोपं. किंमत मात्र बाई मोजते: पोटाच्या भिंतीची मोठी जखम, खोकताना आणि कुशीवर वळताना कळ.

दुर्बीण आली १९८८ मध्ये. पेनसिल्व्हेनियात हॅरी राइकने पहिली लॅप्रोस्कोपिक हिस्टरेक्टमी केली, म्हणजे दुर्बिणीतून पिशवी काढली. दुखणं कमी, घरी लवकर. पण २००४ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत गंभीर गुंतागुंत दुर्बिणीत ११.१ टक्के, तर पोटावरून ६.२ टक्के निघाली.

मुंबईचे डॉ. शिरीष शेठ याच काळात वेगळंच सांगत होते: पिशवी खाली उतरलेली नसली तरी ती खालून निघते, मोठी असेल तर आतच तुकडे करून. पोटावर एकही टाका नाही, महागडी यंत्रं नाहीत. साध्या आजारासाठी जमत असेल तिथे खालचाच मार्ग आधी, असं वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आढावेही सांगत आले. तरी तो मागेच पडत गेला. माझ्या मते कारण सरळ आहे: हे कौशल्य हाताला हात लावून शिकावं लागतं, आणि त्याची जाहिरात होत नाही. रोबोटच्या मदतीने होणाऱ्या ऑपरेशनची होते.

कर्करोगाचा हिशोब वेगळा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दुर्बिणीतून मोठं ऑपरेशन करण्याचं 'पुणे तंत्र' डॉ. शैलेश पुणतांबेकरांनी २००७ मध्ये मांडलं आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने धक्का दिला: साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया पोटावरच्या गटात ९६.५ टक्के, दुर्बीण-रोबोटच्या गटात ८६. या आजारासाठी बऱ्याच ठिकाणी सर्जन पुन्हा पोटाकडे वळले.

बरं होण्याबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. 'दुर्बिणीतून झालंय, टाके दिसतही नाहीत,' म्हणून दुसऱ्याच आठवड्यात बाई पाण्याची बादली उचलते. पिशवी मुखासकट काढली की योनीचं वरचं टोक तिन्ही पद्धतींत शिवावंच लागतं, आणि तो आतला टाका भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. वरची जखम लहान म्हणजे चालणं-फिरणं लवकर सुरू होतं, एवढंच. ओझं आणि शरीरसंबंध यांची पथ्यं तिन्हींना सारखीच. एकाएकी रक्त वाढलं किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं तर फोनवर विचारत बसू नये, दवाखाना गाठावा.

ही पथ्यं विश्रांती मिळेल असं गृहीत धरतात. बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. तिथल्या ऊसतोड बाईने उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि उसाची मोळी डोक्यावरच न्यावी लागते.