रास्पबेरी पायवर संगीत: बोर्ड ठेवायची पेटी कोणती घ्यावी, पंखा हवा का?

2023 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय 5 वर हेडफोनचा जॅक नाही. आधीच्या पाय 4 वर तो होता, पण त्यातून येणारा आवाज कामचलाऊ. म्हणून ज्याला या छोट्या संगणकावर मन लावून गाणं ऐकायचं आहे, तो डॅकचं वेगळं बोर्ड घेतो. डॅक म्हणजे आकड्यांच्या रूपातलं संगीत विजेच्या लहरीत बदलणारी चिप. हिफायबेरीसारख्या कंपन्यांची अशी बोर्डं मिळतात, रास्पबेरी पायचीही आहेत. 65 बाय 56.5 मिलीमीटरच्या या पाटीला 'हॅट' म्हणतात. ती 40 पिनांवर बसते आणि मुख्य प्रोसेसर तिच्याखाली झाकला जातो. दोन्हींमध्ये जेमतेम सेंटीमीटरभर फट उरते, आणि गरम हवा नेमकी तिथेच अडकते.

पण उष्णता मुळात किती? मोकळा बसलेला पाय 4 साधारण 3 वॅट घेतो, पूर्ण ताकदीनं राबवला तर 6-7. सीडीच्या दर्जाची फ्लॅक, म्हणजे आवाज न बिघडवता लहान केलेली, फाइल वाजवणं हे त्याच्या दृष्टीनं किरकोळ काम आहे, प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. खोलीनुसार ध्वनी सुधारणारं सॉफ्टवेअर चालवलं किंवा गाणं वरच्या सॅम्पलिंगला, म्हणजे सेकंदाला जास्त नमुन्यांवर, नेलं, तर मात्र भार वाढतो. चिप 80 अंश सेल्सिअसला पोहोचली की स्वतःचा वेग कमी करायला लागते आणि 85 ला अजून आखडते. याचा आवाजाच्या दर्जाशी संबंध नाही. गरम प्रोसेसरमुळे सतार कर्कश होत नाही. भार जास्त असेल तर गाणं अडखळेल, इतकंच.

शीतकरण खरं तर तापमान ठरवत नाही, खोलीच्या हवेपेक्षा चिप किती वर जाईल तेवढं ठरवतं. समजा पेटीत ती 30 अंश वर जाते. पुण्याच्या जानेवारीत खोली 22 अंशांवर असेल तर चिप 52 वर. तीच पेटी मे महिन्यात नागपूरला बंद खोलीत ठेवली, हवा 42 वर गेली, तर चिप 72 वर पोहोचते. इंग्लंडमधल्या कुणी 'पंख्याची गरजच नाही' असं लिहिलं, तर त्याच्या खोलीचं तापमान आधी विचारावं.

प्रोसेसरपेक्षाही मला काळजी वाटते ती वरच्या हॅटची. डॅक बोर्डांवर बऱ्याचदा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, असतात. त्यांच्याबाबत ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी उतरलं तर आयुष्य जवळपास दुप्पट होतं. चिप 70 वर बिनतक्रार चालेल, पण तिच्या डोक्यावरचे हे भाग वर्षानुवर्षं भाजत राहतात. हॅटवर अँप्लिफायरही असेल तर ती स्वतःही गरम होते. डी-वर्गाचा, म्हणजे झपाट्यानं चालू-बंद होत काम करणारा, अँप्लिफायर कार्यक्षम असतो, पण अशा काही हॅट 12 ते 24 व्होल्ट घेऊन त्यातून पायलाही 5 व्होल्ट पुरवतात आणि त्या रूपांतरातही उष्णता निघते. अशा जोडीला वरून पूर्ण बंद पेटी देऊ नये.

मग धातूची पेटी घ्यावी का? अॅल्युमिनियम प्लॅस्टिकच्या हजारपट सहज उष्णता वाहून नेतं, हे खरं. पण चिप आणि धातू यांच्यात हवेचा थर राहिला, तर त्या धातूचा उपयोग फारच थोडा, कारण हवा प्लॅस्टिकपेक्षाही वाईट वाहक आहे. पेटीच्या आतून निघालेला धातूचा खांब उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ थर्मल पॅडमधून चिपला टेकला पाहिजे. असा खांब आहे का आणि वर हॅटला जागा उरते का, हे दोन्ही पाहूनच पेटी घ्यावी. अनेक देखण्या अॅल्युमिनियम पेट्यांत पहिली सोय असते, दुसरी नसते. शिवाय वाय-फायचा अँटेना बोर्डावरच छापलेला असल्यानं धातूच्या बंद पेटीत सिग्नल दबतो. संगीतासाठी मी तरी इथरनेटची तारच जोडावी असं म्हणेन.

प्लॅस्टिक किंवा सागवानी पेटी हवी असेल तर भोकं खाली आणि वर अशी दोन्हीकडे लागतात. गरम हवा वरून निघते तेव्हाच खालून थंड हवा ओढली जाते, चुलीवरच्या धुराड्यासारखी. बोर्ड आडवं न ठेवता उभं केलं तर हवेला वाट अजून मोकळी मिळते, आणि याला खर्च शून्य.

पंख्याची पाळी यानंतर. शांत आलापात घरघर ऐकू येते, हा एक तोटा. दुसरा असा, की पंखा त्याच 5 व्होल्टच्या तारेवरून वीज घेतो आणि त्याच्या मोटरचा विद्युत गोंगाट डॅकपर्यंत पोहोचू शकतो. तिसरी गोष्ट फार जणांना गोंधळात टाकते. पंख्याचा वेग सांभाळण्यासाठी सर्रास जीपीआयओ 18 ही पिन (जीपीआयओ म्हणजे बाहेरची उपकरणं जोडायच्या पिना) वापरली जाते, पण डॅककडे आकड्यांच्या रूपात संगीत नेणाऱ्या आयटूएस जोडणीचा क्लॉक, म्हणजे ठोके देणारा सिग्नल, त्याच पिनवर असतो. 19, 20 आणि 21 याही आयटूएसच्याच. पंखा 18 वर जोडला की एक तर पंखा चालणार नाही, नाही तर गाणं. 12 किंवा 13 वापरावी, आणि आपली हॅट त्या पिना घेत नाही ना, हे तिच्या माहितीपत्रकात पाहावं.

पाय 5 वर पंख्यासाठी वेगळा चार पिनांचा कनेक्टर आहे, त्यामुळे ही भानगड टळते. त्याच्या अधिकृत अॅक्टिव्ह कूलरचा पंखा 60 अंशांना सुरू होतो आणि 75 ला पूर्ण वेग घेतो, त्यामुळे नुसतं गाणं वाजत असताना तो सहसा गप्प राहतो. त्यावर हॅट बसवायला उंच खांब आणि पिना लांबवणारा कनेक्टर लागतो, म्हणजे पेटीही उंच हवी. नुसतं संगीतच ऐकायचं असेल तर पाय 5 चा हट्ट मी धरणार नाही. पाय 4 कमी तापतो आणि या कामाला पुरून उरतो.

पेटी आली की झाकण लावून तासभर गाणी वाजवावीत. चिपमध्ये तापमापक असतो, त्याचा आकडा टर्मिनलमधून वाचता येतो. सुरू झाल्यापासून एकदा तरी वेग कमी करावा लागला का, याचीही नोंद बोर्ड ठेवतं. आकडा 70 च्या खाली असेल तर हात लावू नये. वर असेल तर झाकण काढून पुन्हा तासभर वाजवावं. तापमान झपाट्यानं उतरलं तर भोकं कमी पडताहेत. फारसा फरक पडला नाही तर दोष बहुधा चिप आणि हीटसिंकच्या (तिची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) मधल्या पॅडमध्ये आहे, तो पुन्हा नीट चिकटवावा.