वाळवंटात थंडी कसली? भरपूर!

नाताळच्या सुट्टीत जैसलमेरजवळ सम गावच्या वाळूत तंबू ठोकून राहायचं, हा बेत ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच घरांत शिजतो. सोबत वर्षानुवर्षं फिरणारा सल्लाही येतो: "वाळवंटात चाललाय, स्वेटरचं ओझं कशाला?" तो साफ चुकीचा आहे.

डिसेंबर-जानेवारीत तिथे दुपारी पारा २४-२५ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे ७-८ अंशांवर, कधी त्याहूनही खाली येतो. यात मुख्य हात कोरड्या हवेचा. ठाण्यात खाडी आणि समुद्रामुळे हवेत बाष्प भरपूर. तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते, तेव्हा हे बाष्प त्यातली बरीचशी अडवून परत खाली धाडतं. गोधडीच म्हणा ना. थरच्या वाळवंटात ती गोधडीही विरळ आणि आभाळही निरभ्र, त्यामुळे उष्णता सरळ निसटते. त्यात वाळूचा वरचा थरच तेवढा तापतो, म्हणून निवतोही झटकन. दिवस मावळल्यावर अनवाणी चालून बघा: तळव्याला वाळू गार लागते, पण पाय चार बोटं आत खुपसला तर तिथे अजून ऊब असते.

पोरांना कानटोपी, मोजे हवेतच. (आजी-आजोबांना सांगावं लागत नाही, त्यांची मफलर आधीच बॅगेत असते.) अंगावर दोन रजया घेतल्या तरी थंडी जमिनीतून चढते, तेव्हा अंथरूण जाड मागून घ्या. शेकोटी मात्र बाहेरच. बंद तंबूत पेटत्या कोळशाची शेगडी ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जाऊ शकतो.