बटण हिरवं केलं की विक्री वाढते?
‘खरेदी करा’चं बटण हिरवं करा, दोन दिवस बघा, ऑर्डरी वाढल्या की तेच ठेवा. कोल्हापुरात चप्पलवाल्यांपासून गूळवाल्यांपर्यंत, वेबसाइट काढली की हा सल्ला फुकट मिळतोच. चूक त्यातल्या रंगात नाही, हिशोबात आहे.

समजा, १०० पैकी २ जण खरेदी करतात. नव्या बटणानं ते ३ झाले का, हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगायला जुन्या आणि नव्या बटणाच्या प्रत्येक पानाला सुमारे ३,८०० माणसं लागतात; दोन्ही मिळून ७,६००. रोज ४० जण येत असतील तर सहा महिने गेले! दोन दिवसांत दिसतो तो बहुतेक वेळा योगायोग. रोज आकडे बघून ‘जिंकलं’ वाटताक्षणी थांबणं तर आणखी फसवं.

आधी जुनं पान, पुढच्या आठवड्यात नवं, ही तुलनाच नव्हे. नवरात्रात अंबाबाईला गर्दी लोटते, तेव्हाचा खप काय बटणामुळे? दोन्ही पानं एकाच वेळी, येणाऱ्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून द्यायची. कुठे थांबायचं ते आधीच ठरवून.

गिऱ्हाईक कमी असेल तर रंग सोडाच. पायाचं माप घेण्याचं चित्र, पोस्टखर्चासह किंमत, माप चुकल्यास बदली, असं काही ठळक तपासा. २ वरून ४ वर जाणारा फरक प्रत्येकी सुमारे १,१५० माणसांतच कळतो.