पाणमांजराचं चित्र काढताना

नदीतलं पाणमांजर उताणं तरंगत पोटावर शिंपला फोडताना रंगवलं, तर चित्र कितीही देखणं असलं तरी चुकलंच. ती सवय समुद्री पाणमांजराची. नदीतलं पाणमांजर लहान मासा पाण्यातच संपवतं, मोठा असेल तर काठावर ओढून आणतं. म्हणून त्याला माशांइतकाच दगडझुडपांचा काठही लागतो. चित्रात काठच नसेल, तर काँक्रीटची भिंत बांधल्यावर काय जातं हे पाहणाऱ्याला कसं कळणार?

जात ओळखायची ती नाकावरून. युरेशियन पाणमांजराच्या नाकाच्या उघड्या भागाची वरची कड नागमोडी असते, मऊ फरच्या जातीत जवळपास सरळ. चेहरा गोंडस करायच्या नादात डोळे मोठे होतात आणि नेमके हे तपशील बिघडतात. अशी गोंडस चित्रं पाणमांजर पाळायच्या हौसेलाही खतपाणी घालतात. पिल्लांच्या व्यापारामुळेच 2019 मध्ये आशियातल्या दोन जातींना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक बंदीच्या परिशिष्टात घालावं लागलं.

सगळ्यात अवघड ओली फर. एकेक केस काढत बसू नये. बाहेरचे लांब केस भिजून टोकदार झुबक्यांत चिकटतात. आतली दाट लव हवा धरून कोरडी राहते. मानेपासून शेपटीकडे झुबक्यांची दिशा हलक्या पेन्सिलने आखावी, मधल्या फटी गडद कराव्यात आणि कागदाचा पांढरा फक्त उंचवट्यांवर सोडावा. सगळीकडे चमक दिली की प्राणी प्लॅस्टिकचा दिसतो.

याच फरचा छेद रेखाटला, तर तेलगळती का मारते हे एका नजरेत समजतं. समुद्री पाणमांजराच्या अंगात चरबीचा जाड थर नसतो. ऊब टिकते ती केसांत अडकलेल्या हवेने, आणि दाट भागात हे केस चौरस सेंटिमीटरला लाखाहून अधिक असतात. तेलाने केस चिकटले की हवा निसटते, बर्फगार पाणी कातडीला भिडतं. 1989 मध्ये अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डीझ' या तेलवाहू जहाजातून सांडलेल्या तेलाने शेकडो पाणमांजरं मेली.

काही चित्रं तर थेट अभ्यासाला लागतात. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या महाकाय पाणमांजराच्या गळ्यावरचे फिकट डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. ते मान ताठ करून पाण्याबाहेर बघतं, तेवढ्यात डागांची कड कागदावर उतरवायची. डावं-उजवं प्राण्याचं की पाहणाऱ्याचं, हे शेजारी लिहायला विसरलं, तर एकाच प्राण्याची दोन म्हणून नोंद होते.