लॅपटॉपच्या रेझोल्यूशनचे आकडे आले कुठून?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात लॅपटॉप बघायला गेलं की दुकानदार प्रोसेसर सांगतो, रॅम सांगतो, एसएसडी सांगतो. पडद्याबद्दल मात्र एकच शब्द: "एचडी आहे." भाचीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाल्यावर आम्ही दोघी ग्रँट रोडला उतरून तीन दुकानं फिरलो. पहिल्यात 'एचडी', दुसऱ्यात 'फुल एचडी', तिसऱ्यात 'टू-के'. तिने विचारलं, "मावशी, यातलं घ्यायचं काय?" मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे सात-आठ तास देवनागरी अक्षरांकडे बघण्यात जातात, त्यामुळे मला हे ठाऊक असणार असं तिने धरून चाललं होतं. पण तिला उत्तर द्यायचं तर आधी रेझोल्यूशनचे, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांचे, आकडे कुठून आले ते सांगावं लागलं.

सुरुवात डबा मॉनिटरपासून करायला हवी. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या बाजूने रेघा ओढत जायचा. ६४० × ४८० ठेवा, ८०० × ६०० ठेवा, १०२४ × ७६८ ठेवा, चित्र थोडं मऊ किंवा थोडं रेखीव दिसायचं, पण चालून जायचं. लॅपटॉपचा एलसीडी पडदा तसा नाही. कारखान्यातून निघतानाच त्यावर ठिपक्यांची जाळी कायमची कोरलेली असते. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर तोच त्या पडद्याचा खरा आकडा. दुसरा कुठलाही आकडा लावला की एका ठिपक्याचा मजकूर दीड-दोन ठिपक्यांवर पसरतो आणि अक्षरं पुसट होतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येते, डिस्क बदलता येते. पडदा मात्र घेताना जो घेतला तो, मशीन मोडीत निघेपर्यंत.

आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए हे पडद्यावरच्या चित्राचं मानक आणलं, ते ६४० × ४८०. मग ८०० × ६०० आलं आणि १९९० मध्ये आयबीएमचंच एक्सजीए, १०२४ × ७६८. लॅपटॉप या शर्यतीत नेहमी एक पाऊल मागे असायचे. ऑक्टोबर १९९२ मध्ये आलेल्या थिंकपॅड ७०० सीचा १०.४ इंची रंगीत पडदा तेव्हा मोठी गोष्ट मानला गेला, आणि त्यावर होतं ६४० × ४८०. या सगळ्या आकड्यांत रुंदी-उंचीचं प्रमाण एकच होतं, ४:३. ते मूकपटांच्या फिल्मवरून आलं, तिथून टीव्हीने घेतलं आणि टीव्हीवरून संगणकाने.

इथून पुढे मला ही कथा खरोखर महत्त्वाची वाटते, कारण लॅपटॉपचा पडदा कसा असावा हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरवलंच नाही. ते टीव्हीने ठरवलं.

१९८० च्या दशकात हाय डेफिनिशन टीव्हीसाठी नवं प्रमाण शोधायचं काम अमेरिकेत चाललं होतं. कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने त्या वेळी वापरात असलेल्या वेगवेगळ्या चित्रपट-आकारांचे समान क्षेत्रफळाचे आयत कापले आणि मध्यबिंदू जुळवून एकावर एक ठेवले. सगळ्यांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांमध्ये सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण १६:९ च्या जवळ आलं. जुना टीव्ही आणि रुंद सिनेमा यांच्यातली ती तडजोड होती. पानभर मजकूर वाचणारा माणूस त्या हिशेबात कुठेच नव्हता, आणि टीव्हीपुरतं ते योग्यही होतं.

संगणकाच्या जगात एक्सजीएची ७६८ ही उंची रुळलेली होती. ती तशीच ठेवून १६:९ करायचं तर रुंदी येते १३६५.३३. ठिपका अपूर्णांकात असू शकत नाही, म्हणून १३६६. हा आकडा इतका अवघड होता की काही ग्राफिक्स चिपना तो पेलवायचा नाही. त्या आठाच्या पटीत मोजायच्या आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही, म्हणून त्या १३६० × ७६८ दाखवायच्या आणि कडेचे सहा ठिपके काळे राहायचे. गुणाकार केला तर १३६६ × ७६८ म्हणजे १०,४९,०८८ ठिपके, सुमारे एक मेगापिक्सेल. टीव्हीच्या व्याख्येत ७२० रेघांपासून पुढे 'एचडी' म्हणता येतं, म्हणून ७६८ रेघांच्या लॅपटॉपवरही 'एचडी'चं स्टिकर लागलं. मुंबईतल्या किती घरांत भिंतीवर ३२ इंची टीव्ही टांगलेला होता, त्यावरही बहुधा हाच आकडा असायचा. तो टीव्ही आपण आठ फुटांवरून बघत होतो. लॅपटॉप हातभर अंतरावर असतो.

साधारण २००८ ते २०१० या काळात लॅपटॉप १६:१० वरून (४:३ नंतर मधल्या काळात ते यावर आले होते) १६:९ वर गेले. पडदे मोठ्या काचेतून कापले जातात. टीव्हीच्याच प्रमाणात कापले की काच कमी वाया जाते आणि तीच यंत्रणा दोन्हीकडे वापरता येते. शिवाय पडद्याचं माप कर्णात सांगण्याची रीत विक्रेत्यांच्या पथ्यावर पडली. १५ इंची जुना ४:३ पडदा १२ इंच रुंद आणि ९ इंच उंच, म्हणजे १०८ चौरस इंच. १५.६ इंची १६:९ पडदा १३.६ इंच रुंद आणि साधारण ७.६५ इंच उंच, म्हणजे १०४ चौरस इंच. आकडा वाढला, पडदा लहान झाला आणि उंची सव्वा इंचाहून जास्त गेली. वाचताना लागते ती नेमकी उंचीच.

त्याहून वाईट वाटण्यासारखी गोष्ट पुढे आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत १५ इंचावर १६०० × १२०० देणारे महागडे लॅपटॉप मिळत होते. आयबीएमने २००१ मध्ये ३८४० × २४०० चा २२ इंची मॉनिटरही काढला होता. तंत्र हातात होतं. तरी दशकाच्या अखेरीस दुकानं ७६८ रेघांनी भरून गेली, कारण तो पडदा सर्वांत स्वस्त पडायचा. २०१२ मध्ये वेबसाइटना येणाऱ्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत १३६६ × ७६८ ने जुन्या १०२४ × ७६८ ला मागे टाकलं आणि ते इंटरनेटवरचं सर्वाधिक वापराचं रेझोल्यूशन ठरलं. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी मुलं ज्या लॅपटॉपवर शाळा-कॉलेजचे तास बसली, त्यांतही असे बरेच होते.

आता देवनागरीचं.

विंडोजने इंचाला ९६ ठिपके हा हिशेब धरला. त्यात १२ पॉइंटच्या अक्षराला उंचीत १६ ठिपके येतात. रोमन लिपीला ते पुरतात, कारण तिची बहुतेक अक्षरं मधल्या पट्ट्यातच असतात. मराठीत त्याच १६ ठिपक्यांत सगळं बसवायचं: वर मात्रा, रफार, अनुस्वार, मग शिरोरेघ, मग अक्षराचं अंग आणि खाली उकार किंवा ऋकार. 'सर्वांगीण'मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात. 'उद्ध्वस्त'मध्ये द, ध, व एकाखाली एक उतरले की तळाशी नुसता डाग दिसतो. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यात फरक शिरोरेघेतल्या एका फटीचा असतो आणि लहान अक्षरात ती फट म्हणजे एक ठिपका. डोळ्यांत तेल घालून वाचूनही माझ्या हातून 'घ'चा 'ध' सुटलेला आहे. तो अपराध माझाच, पण त्या वेळचा पडदा १५.६ इंची 'एचडी' होता हेही खरं.

हा प्रश्न खिळ्यांच्या छपाईतही होता. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याचं नाव आजही निघतं ते देवनागरी खिळ्यांच्या रेखीवपणामुळे. शिशात जे साधलं ते ठिपक्यांत साधायला मुंबईचाच माणूस लागला. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवत, पुढे ते जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत होते. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्या हातचा. मराठीतला पहिला ईमेल, पहिला ब्लॉग आपल्यापैकी अनेकांनी 'मंगल'मध्येच वाचला. इतक्या थोड्या ठिपक्यांत जोडाक्षर ओळखू येईल असं ठेवणं हे काम किती कष्टाचं असेल, हे मला रोज जाणवतं.

सॉफ्टवेअरने मदत केली, पण ती आडवी. मायक्रोसॉफ्टचं क्लिअरटाइप विंडोज एक्सपीत २००१ साली आलं. एका ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात. त्या वेगवेगळ्या उजळून आडव्या दिशेला जणू तिप्पट बारकाई मिळवायची, ही त्यामागची कल्पना. इंग्रजीला तिचा मोठा फायदा झाला. देवनागरीची गर्दी मात्र उभी आहे, वर-खाली, आणि त्या दिशेला क्लिअरटाइपने काहीच वाढवलं नाही. उभ्या दिशेलाही कडा मऊ करण्याची सोय पुढे काही वर्षांनी आली, तीसुद्धा नव्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅमपुरती. आपल्या लिपीला खरा उपाय एकच होता: ठिपके वाढवणं.

ते फोनमुळे वाढले. २०१० च्या आयफोन ४ मध्ये इंचाला ३२६ ठिपके होते. तो पडदा पाहिल्यावर लॅपटॉपकडे बघवेना. जून २०१२ मध्ये ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रोवर २८८० × १८०० आणलं आणि अडचण सोपी केली: प्रत्येक गोष्ट बरोबर दुप्पट काढायची, एका ठिपक्याच्या जागी चार. विंडोजवर प्रकरण चिघळलं. तिथे स्केलिंगचे, म्हणजे अक्षरं-चित्रं मोठी करण्याचे, १२५ टक्के, १५० टक्के असे अपूर्णांक होते आणि जुने प्रोग्रॅम इंचाला ९६ हेच गृहीत धरून लिहिलेले. दाट पडद्यावर ते एक तर मुंगीएवढे दिसायचे, नाहीतर ताणून धूसर व्हायचे. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून प्रत्येक पडद्याला वेगळं माप देता येऊ लागलं आणि पुढच्या काही वर्षांत बरीच सुधारणा झाली. "जास्त रेझोल्यूशन घेतलं की अक्षरं बारीक होतात" ही लॅमिंग्टन रोडवर आजही ऐकू येणारी तक्रार त्याच काळातली. आता स्केलिंगच्या सेटिंगमध्ये एक आकडा बदलला की काम होतं.

मग किती ठिपके पुरेत? निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, बारकावा वेगळा दिसतो. ६० सेंटिमीटरवर त्याचे होतात इंचाला सुमारे १४५ ठिपके, ५० सेंटिमीटरवर सुमारे १७५. आपल्या घरांत लॅपटॉपला वेगळं टेबल क्वचितच असतं. मांडीवर, पलंगावर, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तो ५० सेंटिमीटरवरच येतो. १५.६ इंचावर 'एचडी' म्हणजे इंचाला १००, म्हणून ठिपका सरळ डोळ्याला दिसतो. त्याच मापावर फुल एचडी (१९२० × १०८०) १४१, म्हणजे उंबरठ्यावर. १४ इंचावर फुल एचडी १५७. १५.६ इंचावर फोर-के (३८४० × २१६०) २८२, म्हणजे डोळ्याच्या गरजेच्या बरंच पुढे. जाळी जितकी बारीक, तितका प्रकाश तिच्यातून कमी पार होतो, मागचा दिवा जास्त पेटवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. कल्याणहून रोज लोकलने जाणाऱ्या आणि वर्गात सॉकेट न मिळणाऱ्या मुलीला तो सौदा परवडत नाही.

दरम्यान १६:१० परत आलं आहे. २०२० च्या आसपास एकेका कंपनीने ते पुन्हा आणलं आणि आता मध्यम किमतीच्या लॅपटॉपवरही १९२० × १२०० दिसतं. १४ इंचावर त्याची उंची ७.४ इंच होते, १५.६ इंची रुंद पडद्यापेक्षा जेमतेम पाव इंच कमी, आणि दप्तर मात्र हलकं. 'टू-के' हा शब्द दुकानात १९२० पासून २५६० पर्यंत कशालाही लावतात, म्हणून दोन्ही आकडे विचारून घ्यावेत. रंगांचा प्रश्न वेगळा आहे. '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलं असेल तर ते मोजमाप अमेरिकेच्या १९५३ च्या रंगीत टीव्हीच्या मानकाशी केलेलं असतं, म्हणजे टीव्हीने इथेही पाठ सोडलेली नाही. अशा पडद्यावर रंग फिके दिसतात, मजकूर मात्र वाचता येतो.

तिसऱ्या दुकानात मी दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी उघडायला लावले आणि दोन्हींवर नोटपॅडमध्ये 'सर्वांगीण', 'उद्ध्वस्त', 'घर', 'धर', 'वैशिष्ट्य', 'वाङ्मय' असे शब्द १२ पॉइंटमध्ये टाइप केले. १५.६ इंची 'एचडी'वर भाचीने 'धर' वाचताना मान पुढे केली. १४ इंची १९२० × १२०० वर नाही केली. तिने तोच घेतला आणि घरी येऊन स्केलिंग १५० टक्क्यांवर ठेवलं. त्या मापावर पडद्यावर मजकूर मावतो तो १२८० × ८०० इतका, म्हणजे २००६ च्या सुमाराच्या १६:१० लॅपटॉपवर मावायचा तेवढाच. फक्त तेव्हा जिथे एक ठिपका होता, तिथे आता सव्वादोन आहेत.