यूएसबीवरच्या क्लोनवरून विंडोज चालू का होत नसे: पार्श्वभूमी

सी ड्राइव्ह जशीच्या तशी यूएसबी डिस्कवर उतरवणे, म्हणजेच तिचा क्लोन काढणे, हे काम कधीच फार अवघड नव्हते. युनिक्समध्ये डीडी ही आज्ञा १९७० च्या दशकापासून आहे. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जे असेल ते ती निमूटपणे उतरवून काढते. विंडोजवाल्यांसाठी १९९६ मध्ये न्यूझीलंडहून घोस्ट आले. डॉसच्या फ्लॉपीवरून मशीन चालू करायचे आणि विंडोज झोपलेली असताना तिची नक्कल काढायची, अशी त्याची रीत होती. ‘मशीन घोस्ट करणे’ हे क्रियापद तिथूनच रुळले. पुढे एक्सपीसोबत शॅडो कॉपीची, म्हणजे डिस्कची एका क्षणाची स्थिती धरून ठेवण्याची, सोय आली आणि चालू विंडोजचीही नक्कल निघू लागली. अडायचे ते पुढे, त्या नकलेवरून संगणक चालू करताना. संगणकाच्या आत सॅटा केबलला लावलेला क्लोन चालायचा, पण तोच यूएसबीला लावला की निळा पडदा.

इथे ‘बूटेबल पेनड्राइव्ह’ या शब्दाने बराच घोळ घातला आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या लेखी बूटेबल पेनड्राइव्ह म्हणजे विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह. तो यूएसबीवरून चालतो, मग क्लोन का चालत नाही, हा प्रश्न म्हणूनच पुन्हा पुन्हा येतो. इन्स्टॉलरमध्ये असते ती विंडोज पीई, म्हणजे विंडोजची छोटी, तात्पुरती आवृत्ती. ती एका मोठ्या फाइलीतून उचलून रॅममध्ये उतरवली जाते आणि एक्स ड्राइव्ह म्हणून तिथूनच चालते. मधेच यूएसबी तुटली तरी तिच्या पायाखालची जमीन सरकत नाही. क्लोनमधली विंडोज मात्र क्षणाक्षणाला त्याच डिस्कवर वाचत-लिहीत असते. तिसरा प्रकार म्हणजे इमेज: संपूर्ण डिस्क एका फाइलीत बांधून ठेवलेली. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर काहीच चालू होणार नाही. ती आधी परत डिस्कवर सोडावी लागते.

एक्सपीच्या काळातले कारण साधे होते. सुरुवातीच्या फाइली बायोसच्या (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या) मदतीने वाचल्या जात, तोवर यूएसबी असो की आयडीई (आतल्या डिस्कची जुनी जोडणी), सगळे सारखेच. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, ताबा घेतो तेव्हा बायोस बाजूला होतो आणि विंडोजला स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क गाठावी लागते. यूएसबीचे ड्रायव्हर तेव्हा उशिरा भरले जात, कारण माउस आणि प्रिंटरला घाई नसते. शिवाय ते भरताना बस नव्याने सुरू होई, म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच हलवल्यासारखे. निकाल ठरलेला: ७बी क्रमांकाची स्टॉप चूक, बूट डिव्हाइस सापडत नाही. यावरचा जुगाड असा की क्लोनची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) दुसऱ्या मशीनवर उघडायची, यूएसबी कंट्रोलर, हब आणि यूएसबी स्टोरेज या सेवांची स्टार्ट किंमत ० (म्हणजे बूट होतानाच भरा) करायची आणि त्यांचा गट बूट बस एक्सटेंडर असा बदलायचा. एखादी सेवा सुटली की पुन्हा तोच पडदा.

खरी गाठ मात्र एका बिटात आहे. यूएसबी डिस्कला ‘तू कोण’ असे विचारल्यावर ती जे उत्तर देते, त्याच्या दुसऱ्या बाइटमधला सर्वांत वरचा बिट सांगतो की माध्यम काढता येण्याजोगे आहे की नाही. मूळ हेतू फ्लॉपी आणि सीडीसारख्या गोष्टींचा: ड्राइव्ह जागेवर, माध्यम मात्र बदलते. पेनड्राइव्हमध्ये बदलण्यासारखे माध्यमच नाही, तरीही जवळपास सगळे पेनड्राइव्ह हा बिट १ ठेवतात. याउलट, यूएसबी केसमध्ये घातलेली हार्ड डिस्क किंवा एसएसडी त्याच वायरने जोडलेली असूनही ० सांगते. विंडोज या बिटावर डोळे मिटून विश्वास ठेवत आली. १ दिसला की ती फक्त पहिले पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) दाखवी. बूटच्या फाइली ठेवणारे छोटे ईएफआय पार्टिशन पुढे आणि सी मागे अशी क्लोनची मांडणी पेनड्राइव्हवर त्यामुळेच फसत असे. ही मर्यादा २०१७ मध्ये, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीत उठली. ती इतकी वर्षे का ठेवली याचे पटण्यासारखे तांत्रिक कारण नाही, कारण लिनक्सला असल्या पेनड्राइव्हवर चार पार्टिशने दिसायला कधी अडचण आली नाही.

मधल्या काळात, २०१२ साली, विंडोज ८ एंटरप्राइझसोबत विंडोज टू गो आले आणि यूएसबीवरची विंडोज प्रथमच अधिकृत झाली. प्रमाणित ड्राइव्ह किमान ३२ जीबीचा आणि तो बिट ० सांगणारा हवा. ड्राइव्ह उपटला तर विंडोज गोठे. ६० सेकंदांत परत लावला तर काम पुढे चालू, नाहीतर मशीन बंद. यजमान संगणकाच्या आतल्या डिस्क मुद्दाम ऑफलाइन ठेवल्या जात. ही अतिशय विचारपूर्वक केलेली रचना होती. २०१९ मध्ये तिचा विकास थांबवला गेला आणि २०२० च्या २००४ आवृत्तीतून ती काढली गेली. कारणे दोन दिली गेली: फीचर अपडेट (विंडोजच्या नव्या आवृत्त्या) तिच्यावर बसत नाहीत, आणि तिला लागणारे खास ड्राइव्ह आता फारसे कोणी बनवत नाही. पहिले कारण खरे. दुसऱ्याबद्दल मात्र एवढे म्हणावे लागेल की खास ड्राइव्हची अट घालणारे आणि ते मिळत नाहीत म्हणणारे एकच होते.

यंत्रणा मात्र विंडोजच्या आत राहिली, आणि यूएसबीवर विंडोज टाकणारी रूफससारखी साधने तिच्यावरच चालतात. आज क्लोन चालतो, पण केसमधल्या एसएसडीवर. साध्या पेनड्राइव्हवर चार-चार केबीच्या विखुरलेल्या लिखाणात तो इतका रेंगाळतो की विंडोज चालू होऊनही उपयोग नसतो. दुसऱ्या मशीनच्या फर्मवेअरला (आजच्या काळातल्या बायोसला) तुमच्या बूट नोंदीची माहिती नसते, म्हणून ते ईएफआय पार्टिशनवरच्या बूट फोल्डरात बूटएक्स६४ ही फाइल शोधते. ती नसेल तर बीसीडीबूट आज्ञेला यूएसबीवरचे विंडोज फोल्डर आणि ईएफआय पार्टिशन दाखवून फाइली नव्याने लिहून घ्याव्यात. जुन्या एमबीआर पद्धतीने पार्टिशने मांडलेल्या डिस्कच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. क्लोन आणि मूळ डिस्क एकत्र जोडल्या की दोघींची चार बाइटची सही, म्हणजे डिस्कची ओळख, एकच निघते आणि विंडोज एकीला ऑफलाइन करते. कोणी ती हाताने ऑनलाइन केली की तिच्यावर नवी सही लिहिली जाते. क्लोनमधली बूट नोंद जुनीच सही शोधत राहते आणि पुढच्या वेळी डिस्क सापडत नसल्याचा पडदा येतो. म्हणून नक्कल संपताच मशीन बंद करून दोन्हींपैकी एक काढावी. लहान डिस्कवर उतरवायचे असेल तर सी आधी आकसावी लागते, आणि पेजफाइल, हायबरनेशन व रिस्टोअर पॉइंट बंद केल्याशिवाय ती बहुधा हवी तेवढी आकसत नाही. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवावी, कारण परक्या मशीनच्या टीपीएमकडे (किल्ल्या जपणाऱ्या चिपकडे) तुमची किल्ली नसते.

अपडेटचे जुने दुखणेही शिल्लक आहे. रजिस्ट्रीतल्या कंट्रोल कीखाली पोर्टेबल ऑपरेटिंग सिस्टिम नावाची किंमत १ असेल, तर अपग्रेडचा सेटअप यूएसबीवर विंडोज टाकता येत नाही असे सांगून थांबतो. ती तात्पुरती ० करून अपग्रेड उरकायचे आणि मग पुन्हा १ करायची, अशी पद्धत रूढ आहे. त्याआधी एक ताजी इमेज काढून ठेवावी.