गेझा वर्मेश आणि एका प्रकरणाचे बदललेले शीर्षक

मराठी बायबलच्या वाचकाला ‘शास्त्री व परूशी’ (येशूच्या काळचे ज्यू धर्मपंडित आणि धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा ज्यू पंथ) ही जोडी परिचित असते, आणि बहुधा ढोंगीपणाच्या संदर्भातच. युरोपातील विद्वानांवरही या चित्राचा दीर्घकाळ पगडा होता. एमिल श्यूरर या जर्मन अभ्यासकाने लिहिलेला येशूकालीन ज्यू लोकांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रमाण मानला जाई. त्यातील माहितीचा साठा अफाट होता; परंतु ‘नियमशास्त्राखालील जीवन’ (नियमशास्त्र म्हणजे मोशेचे धर्मनियम) या प्रकरणात ज्यू धर्माचरण म्हणजे निष्प्राण कर्मकांडाचे ओझे, असा निवाडा आधीच देऊन टाकलेला होता. त्या काळच्या जर्मन लेखनात या धर्माला ‘उत्तरकालीन’ म्हणण्याची रूढी होती, जणू येशूनंतर तो संपलाच. वास्तविक मिश्ना हा त्याचा पायाभूत ग्रंथच मुळी इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाला. हार्वर्डच्या जॉर्ज फूट मूर यांनी १९२१ मध्ये या पूर्वग्रहाची परखड चिकित्सा केली, तरी श्यूररचा ग्रंथ तसाच वापरात राहिला.

पुढे ज्यांनी हा ग्रंथ सुधारला त्यांपैकी एक, गेझा वर्मेश यांचा जन्म १९२४ मध्ये हंगेरीतील माको गावी ज्यू कुटुंबात झाला. बालपणीच त्यांचा कॅथलिक बाप्तिस्मा झाला होता, आणि आईवडीलही ख्रिस्ती झाले होते; तरीही १९४४ च्या ज्यू संहारात ते दोघे बळी पडले. वर्मेश पुढे धर्मगुरू झाले, मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांवर त्यांनी १९५३ मध्ये डॉक्टरेट मिळवली, १९५७ मध्ये धर्मगुरुपद सोडून ते इंग्लंडला आले आणि १९६५ पासून ऑक्सफर्डमध्ये शिकवू लागले. १९७३ च्या ‘जीझस द ज्यू’ या पुस्तकात त्यांनी येशूला होनी आणि हनीना बेन दोसा यांच्यासारख्या ज्यू सत्पुरुषांच्या पंक्तीत बसवले.

ते पुस्तक गाजले. माझ्या मते मात्र त्याच वर्षी प्रसिद्ध होऊ लागलेली श्यूररच्या ग्रंथाची पुनर्संपादित इंग्रजी आवृत्ती अधिक मोलाची आहे, कारण गाजलेल्या पुस्तकाशी वाचक वाद घालतात, संदर्भग्रंथावर मात्र विद्यार्थी निमूटपणे विसंबतात. १९७९ च्या दुसऱ्या खंडात वर्मेश, फर्गस मिलर आणि मॅथ्यू ब्लॅक या संपादकांनी परूश्यांविषयीचा भाग आणि ‘नियमशास्त्राखालील जीवन’ हे प्रकरण नव्याने मांडले. एकोणिसाव्या शतकातील धर्मशास्त्राचे पूर्वग्रह त्यातून काढून टाकल्याचे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवले, आणि प्रकरणाला नवे शीर्षक दिले: ‘जीवन आणि नियमशास्त्र’.